गोड लागलं तर हात वर कर

जून. मालुटीच्या डोंगरांवर बर्फ,
आणि माझ्या वर्गाच्या साऱ्या खिडक्या सताड उघड्या.
मुली घोंगड्यांत गुरफटून माझ्याकडे बघतात,
जणू हिवाळा मीच आणलाय.
बघू देत.
वारा हा क्षयाच्या वॉर्डातला सर्वांत जुना कर्मचारी.
पगार मागत नाही, रजा घेत नाही.
त्याच्या तोंडावर दार लावू नका,
पहिल्या तासाला मी एवढंच शिकवते.

दुसऱ्या तासाला टोपडं.
पारदर्शक, खांद्यापर्यंत उतरणारं.
आत मास्क बांधलेली एक मुलगी,
बाहेरून मी फवारते गोडूस पाणी.
मान डावीकडे. उजवीकडे. वर. खाली. वाक.
आता बोल. काहीही बोल,
आपल्या कुळाची बिरुदं म्हण.
गोड लागलं तर हात वर कर.
गोड म्हणजे फट.
जिथून हे शिरतं तिथून तोही शिरतो.

दिसेबोने दुसऱ्याच फवाऱ्याला हात वर केला,
हसली, पट्टे आवळले, पुन्हा बसली.

न्थातिसीने मगरीच्या कुळाची बिरुदं म्हटली
कुठेही न अडखळता,
हात मांडीवर दगडासारखा.
फक्त गळा हलला एकदा,
आणि मला ठाऊक आहे
गोळी चोखणाऱ्या पोराचा गळा कसा हलतो.

वर्ग सुटल्यावर विचारलं.
बराच वेळ ती बुटांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, लहान मापाचे मास्क संपलेत, म्मे,
आणि आईने गावभर सांगितलंय
सोमवारपासून मी वॉर्डात.

मी रागावले नाही.
कपाटातून माझा जुना एक्स-रे काढला,
खिडकीच्या काचेला लावला.
उजवीकडे, वर, तो ढग.
आमच्या वेळी टोपडं नव्हतं.
कापडाचा तुकडा होता आणि सेवाभाव.
सेवाभावाला कुठे फट आहे
हे कुणी फवारून पाहिलं नव्हतं.

न्थातिसीचा सोमवार गेला. पुढचाही गेला.
घाट बर्फाने बंद, गाडी खालीच अडकलेली.
तोवर ती इतर गोष्टी शिकली:
थुंकीची डबी उघड्यावर द्यायची, वाऱ्याकडे पाठ करून नाही.
गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे आधीच सांगायचं;
न सांगितलेल्या एकाने
रक्त जातंय समजून गोळ्या नदीत सोडल्या होत्या.
आणि रोगी खोकला की पाऊल मागे घ्यायचं नाही.
तो बघतो. तोंड पुसत असला तरी
आपल्या पायांकडेच बघत असतो.
मास्क कशासाठी, मुलींनो?
जीव वाचवायला, म्हणाली दिसेबो.
हो. आणि पाऊल मागे पडू नये म्हणून.

गाडी आली. लहान माप आलं.
मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली.
मगरीचं कूळ पुन्हा पहिल्यापासून.
मी नेहमीपेक्षा जास्त फवारलं.
गळा हलला नाही.

सातव्या खाटेवर न्ताते सेखोन्याना.
सव्वीस वर्षं परक्या देशाच्या सोन्याखाली,
एका खोलीत सोळा जण,
छातीत दगडाची धूळ आणि वर हा रोग.
नर्सांशी बोलत नाही. तुम्हा सगळ्यांना
नुसते डोळेच आहेत, म्हणतो,
कुणाशी बोलणार?

न्थातिसीने गोळ्या तळहातावर मोजल्या,
पाण्याचा पेला दिला, त्याने गिळेपर्यंत थांबली.
कुणाची गं तू? त्याने विचारलं.
तिने नाव नाही सांगितलं.
मास्कच्या आतूनच
बिरुदाची पहिली ओळ म्हटली.

म्हातारा उठून बसला.
दुसरी ओळ त्याने म्हटली,
तिसरी अर्ध्यावर आणली आणि खोकला आला,
लांबलचक, खाणीच्या तळातून आल्यासारखा.
मी दारातून तिचे बूट बघत होते.
डबी पुढे केली तिने. त्याच्या पाठीवर हात ठेवला.
खोकला थांबला तेव्हा
उरलेली अर्धी ओळ तिने म्हटली, हळू,
चूक दुरुस्त केल्यासारखी नाही.

मी वर्गाकडे वळले.
टोपडं धुवायचं राहिलं होतं,
आणि बोटं अजून गोड होती.